रातांधळ्या गाडीचे वैद्य

मोटारीने दिवसा डोळे मिटावेत आणि अंधार पडला की उघडावेत, ही कल्पना ज्याला पहिल्यांदा सुचली त्याने पुण्याच्या खडकीत एकही पावसाळा काढलेला नव्हता. काढला असता तर त्याने मुकाट्याने दिवे बाहेरच ठेवले असते आणि पुढच्या तीन पिढ्यांच्या वायरमनांचे शिव्याशाप चुकवले असते.

हा मान अमेरिकेतल्या कॉर्ड ८१० या गाडीचा. साल १९३६. गॉर्डन ब्यूरिग या आरेखकाने तिचे दिवे पुढच्या मडगार्डांत गडप करून टाकले. दिवे मूळचे विमानाचे, स्टिन्सनच्या विमानांना उतरताना लागायचे ते. त्यांना बाहेर काढायला डॅशबोर्डच्या दोन टोकांना दोन हँडलं. अंधार पडला की चालवणाऱ्याने आपलं हँडल फिरवायचं आणि शेजारी बसलेल्या बाईसाहेबांनी त्यांचं. बाईसाहेब रुसलेल्या असल्या तर गाडी एका दिव्यावर घरी. पण त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नव्हतं. दाते, दांडा आणि मनगट. वायरमनला बोलवायची सोयच नव्हती.

१९६२ साली इंग्लंडच्या लोटसने इलान काढली आणि मनगटाचं काम इंजिनाकडे दिलं. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर दिवे उभे राहायचे. नळी कुठे चिरली की भर रस्त्यात पापण्या जड. १९६८ च्या ओपेल जीटीत पुन्हा दांडा आला. तो ढकलला की दोन्ही दिवे एकाच दिशेला गरकन कूस बदलायचे. दुसरीकडे विजेच्या मोटरी आल्या, आणि ज्यांचा विजेशी काडीचा संबंध नाही अशा लोकांनाही मत द्यायचा अधिकार मिळाला.

एवढा खटाटोप कशासाठी, तर बराचसा अमेरिकन सरकारसाठी. तिथे १९४० पासून दिव्याचं माप ठरलेलं, पुढे त्याची जमिनीपासूनची किमान उंचीही ठरली. इकडे स्पोर्ट्स गाडीचं नाक जमिनीला टेकायला आलेलं. नाकही खाली हवं आणि कायदाही हवा, म्हणून दिवा दिवसा पोटात आणि रात्री नियमात. १९८३ साली अमेरिकेने मापाची अट सैल केली. पुढे पादचाऱ्यांच्या सुरक्षेचा विचार कडक झाला, उभ्या राहिलेल्या दिव्याचा कोपरा कुणाला लागू नये म्हणून. २००४ साली लोटस एस्प्री आणि पाचव्या पिढीची कॉर्व्हेट बंद झाल्या आणि ही जात संपली. संपली म्हणजे कारखान्यांतून. खडकीतून नाही.

खडकी हे कुठल्याही यंत्राला सुखाने मरू देणारं गाव नव्हे. १८६९ पासून इथे दारूगोळ्याचा कारखाना आहे. बॉम्बे सॅपर्सचं मुख्यालय इथे. लष्कराची वाहनं उघडून पुन्हा जोडणारं ५१२ आर्मी बेस वर्कशॉप इथे. गल्लीत दगड भिरकावला तर तो निवृत्त फिटरला लागतो, आणि फिटर आधी दगडाचं माप घेतो, मग कपाळाला हात लावतो. अशा गावात सिंगापूरकाकांनी १९९० सालची लाल माझ्दा एमएक्स-५ आणून उभी केली. काकांचं खरं नाव वेगळं आहे, पण तिकडची नोकरी संपवून ते सामानाबरोबर गाडी घेऊन उतरले त्या दिवशीच गल्लीने ते रद्द केलं.

गाडी देखणी, यात वाद नाही. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दाखवली तेव्हाच जाणकारांना जुनी इलान आठवली होती. दोन माणसांची, टप उघडणारी आणि इतकी बुटकी, की खडकी बाजारात रिक्षावाले तिच्याकडे वरून, वात्सल्याने बघतात. पोरांना तिच्यात एकच रस. "काका, डोळे उघडा ना!" डॅशबोर्डवर त्याचं वेगळं बटण आहे. ते दाबलं की दिवा न लागता नुसती झाकणं वर येतात. काका हौसेने बटण दाबत, झाकणं वर येत, पोरं टाळ्या पिटत आणि काकू वरून विचारत, "दूध आणलंत का?"

मग एका जुलैत डाव्या डोळ्याने असहकार पुकारला. रात्री दिवे लावले की उजवा टपकन वर यायचा. डावा अर्ध्यावर येऊन थबकायचा, कधी मिटलेलाच राहायचा. गाडी बाजारातून निघाली की समोरून येणाऱ्या सभ्य माणसांना ती डोळा मारते आहे अशी शंका येऊ लागली. काहींनी मागे वळून काकांकडे बघितलं, काहींनी काकूंकडे. काकूंनी गाडीत बसणं सोडलं. "या वयात हे शोभत नाही," एवढंच म्हणाल्या. कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

आत काय असतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं महाभारत कळणार नाही. प्रत्येक दिव्याची मोटर वेगळी. ती नेहमी एकाच दिशेने फिरते आणि तिच्या आसाला एक आडवी दांडी आहे. अर्धा फेरा झाला की झाकण वर, उरलेला अर्धा झाला की खाली. थांबायचं कुठे हे कळायला आत एक चकती आणि तिच्यावर घासणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या. ठरलेली जागा आली की संपर्क सुटतो, करंट तुटतो, मोटर थांबते. आणि मोटरीच्या डोक्यावर, रबरी टोपीखाली, एक छोटी मूठ. सगळे उपाय थकले की ती हाताने फिरवायची आणि दिवा वर आणायचा. ब्यूरिगचं हँडल ५४ वर्षांनी बॉनेटखाली लपून आलं होतं.

पहिले वैद्य आले ते बॅटरीवाले. त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घालायच्या आतच निदान केलं, "बॅटरी डाउन." मीटर लावला तर १२.६ व्होल्ट. बॅटरी ठणठणीत. त्यांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "म्हणजे आता डाउन होणार," म्हणाले आणि कार्ड ठेवून गेले.

दुसरे सुभेदारसाहेब. हयात वर्कशॉपात गेलेली. लष्करात बिघाड शोधत बसत नाहीत, अख्खी असेंब्ली काढतात आणि नवी बसवतात. "मोटर बदला," त्यांनी हुकूम सोडला. काका नाना पेठेत गेले. तिथल्या एका काउंटरवर "माझ्दाची दिव्याची मोटर" असं म्हणताच पोऱ्या आत धावला आणि स्वराज माझ्दा मिनीबसची वायपरची मोटर घेऊन आला. काकांनी समजावलं की ही दोन माणसांची गाडी आहे. "मग उरलेल्या सीटा काढल्या का?" त्याने विचारलं. काका मोटर न घेता परत आले. सुभेदारसाहेबांनी हा पुरवठा विभागाचा नेहमीचा ढिसाळपणा म्हणून नोंदवून ठेवला.

तिसरे आजोबा दारूगोळा कारखान्यातून निवृत्त. त्यांनी आधी सगळ्यांना चार पावलं मागे केलं. सिगारेट कुणाच्या हातात आहे का बघितलं. वाळूची बादली मागवली. मग स्वतःच्या देखरेखीखाली बॅटरीचा निगेटिव्ह काढायला लावला. "आता बघा," म्हणाले. सगळ्यांनी बघितलं. बॅटरी सुटलेल्या गाडीत बघण्यासारखं काही उरत नाही, हे त्यांना सांगायचं धाडस कुणाला झालं नाही. पण कुणाला इजाही झाली नाही, आणि त्यांच्या खात्यात कामाची मोजदाद तशीच होते.

चौथ्या मजल्यावरून उंदरांचा सिद्धांत आला. पुण्यात गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात हे खरंच आहे, त्यामुळे त्याला कुणी हसलं नाही. पण बॉनेटखाली ना लेंडी ना कुरतडलेली वायर. सिद्धांतकर्ते गॅलरीतून खाली उतरले नाहीत. त्यांचंही बरोबर होतं. ५ नोव्हेंबर १८१७ ला इथल्याच माळावर लढाई जुंपली तेव्हा दुसरा बाजीराव ती पर्वतीवरून बघत होता. खडकीतल्या धुमश्चक्रीकडे उंचावरून बघण्याला असा पेशवाई आधार आहे.

खरी पंचाईत निराळीच होती. हे सगळे वैद्य यायचे दिवसा, उजेडात. काका बटण दाबायचे आणि दोन्ही झाकणं एका दमात वर! पुन्हा दाबलं, पुन्हा वर. "कुठे काय झालंय हिला?" वैद्य विचारायचे आणि गाडी सोडून काकांकडे काळजीने बघायचे. ते गेले, रात्र झाली, दिवे लावले, की डावा पुन्हा अर्ध्यावर. गल्लीने शेवटी एकमताने ठरवलं की गाडीला रातांधळेपणा झाला आहे. रेडिएटरमध्ये गाजराचा रस घालावा असाही एक मतप्रवाह होता.

अशा वेळी हिंदुस्थानात जो शेवटचा उपाय करतात तो करायला कोपऱ्यावरच्या दुचाकी गॅरेजातला पोरगा आला. "काका, टेन्शन नको. डायरेक्ट करून देतो."

डायरेक्ट करणे हा आपल्या गॅरेजांचा सर्वात मोठा शोध आहे. मूळ गाडी बनवणाऱ्याने मधे जे जे घातलं, स्विच, रिले, फ्यूज, ते सगळं त्याच्या भित्रेपणामुळे घातलं, असं धरून चालायचं. बॅटरीपासून एक वायर काढायची आणि थेट दुखऱ्या जागी टेकवायची. पंखा डायरेक्ट, हॉर्न डायरेक्ट. पोराने रिले वगळला, ती थांबवणारी चकती वगळली आणि डाव्या मोटरीला नवी कोरी वायर दिली, लालभडक. मोटर जोरात फिरली, झाकण सटकन वर आलं. लोकांनी वाहवा केली. झाकण सटकन खाली गेलं. मग वर. मग खाली. एकाच दिशेने फिरणाऱ्या मोटरीला थांबायचं कुठे हे सांगणारंच कुणी उरलं नव्हतं.

"चालू तर झालं ना!" पोरगा म्हणाला. ते नाकारता येत नव्हतं.

काका त्याच अवस्थेत बाजारातून एक फेरी मारून आले, कदाचित बसेल म्हणून. पूर्वी भर दिवसा कुणाच्या स्कूटरचा दिवा चालू राहिला की समोरचा माणूस हात वर करून पाची बोटं उघड-मीट करून दाखवायचा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे दिवे कायम चालूच ठेवायची सक्ती झाली आणि ती माणुसकीची खूण निवृत्त झाली. त्या संध्याकाळी खडकी बाजारात ती पुन्हा कामावर रुजू झाली. समोरचे बोटं उघड-मीट करत होते आणि गाडीही त्यांना तसंच उत्तर देत होती. एका आजींनी तर हात जोडले, कारण गाडीने आधी मान लववली होती. काका घरी आले, लाल वायर बॅटरीवरून सोडवली, फ्यूज उपटला आणि रबरी टोपी काढून ती मूठ फिरवून दोन्ही दिवे वर करून ठेवले. पुढे काही दिवस गाडी चोवीस तास आश्चर्यचकित होती.

कोंडी फोडली काकूंनी. त्यांना गाडीत रस नव्हता, पण संध्याकाळी दारात जमणारी सभा आणि तिला लागणारा चहा या दोन्हींचा अंत झालेला हवा होता. "तुम्ही दिवसा बटण दाबता, तेव्हा दिवा लावता का?" त्यांनी विचारलं.

"दिवसा दिवा कशाला?"

"आणि रात्री?"

"रात्री लावतोच की."

"मग फरक दिव्याचा आहे. अंधाराचा काय संबंध?"

गॅलरीसुद्धा गप्प झाली. पोराला बोलावून त्याची लाल वायर काढली, जुनी जोडणी पूर्ववत केली, फ्यूज जागेवर बसवला आणि टळटळीत उन्हात दिवे लावले. उजवा वर. डावा अर्ध्यावर थबकला. दिवा बंद करून बटण दाबलं, डावा ऐटीत वर. रातांधळेपणा तिथेच संपला.

आता याचं शास्त्र. हेडलाइटचा हॅलोजन बल्ब साधारण ६० वॅटचा. बारा व्होल्टला तो पाचेक ॲम्पियर करंट घेतो. हा करंट बल्बमधून निघाला की काळ्या वायरने गाडीच्या पत्र्यावर जातो आणि पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला. त्याला सगळी गॅरेजं अर्थ म्हणतात. डावा बल्ब आणि डावी मोटर यांचा अर्थ एकाच बोल्टखाली होता. तो बोल्ट गंजला आणि तिथे जेमतेम अर्ध्या ओहमचा अडथळा बसला, तरी पाच ॲम्पियरला अडीच व्होल्ट तिथेच गडप. त्यात मोटरीचा स्वतःचा करंट मिळवा, अडथळा तोच आणि हप्ता वाढलेला. त्यात दांडीच्या सांध्यांतलं ग्रीस वाळून खडखडीत झालेलं. नुसती मोटर एकटी असेल तर तेवढ्यावरही झाकण उचलते. शेजारी बल्ब लागला की तिच्या वाट्याला उरतं ते पुरत नाही.

मग मीटरला हे आधी का दिसलं नाही? कारण मल्टिमीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. करंट नाही तर अडथळ्यावर व्होल्ट पडतही नाहीत, आणि गंजलेल्या बोल्टमधूनही त्याला सगळं आलबेल दिसतं. म्हणून जुने वायरमन दोन वायरींना बल्ब जोडलेला टेस्ट लॅम्प जवळ बाळगतात. त्याला जळायला खरा करंट लागतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. मीटरनेच बघायचं तर काम चालू असताना बघावं. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मोटरीच्या अर्थला, आणि दिवे लावलेले. आकडा शून्याच्या जवळ हवा. काकांच्या गाडीत तो दोनच्या वर होता.

इतके दिवस सगळे बघत होते ते करंट जातो कुठून. बॅटरी, फ्यूज, रिले, मोटर, सगळी जाणारी वाट. तो परत कसा येतो हे कुणी बघितलंच नाही. उसन्या पैशांचं असंच असतं. जाताना राजरोस जातात, अडकतात ते परतीला.

बोल्ट दिव्याच्या मागे, पत्र्याच्या कोनात होता. दहाचा पाना लागतो त्याला, आणि खडकीसारख्या गावातही हवा तेव्हा दहाचा पाना तेवढा सापडत नाही. तो अखेर सुभेदारसाहेबांच्या खिशात निघाला. बोल्ट करकरत सुटला. वायरीच्या टोकाच्या गोल लगवर हिरवी बुरशी चढली होती, तांब्याची चढते तशी भुरभुरीत. खालच्या पत्र्यावर तपकिरी पापुद्रा, नखाने उचलला तर निघणारा. पोराने पॉलिश पेपरची घडी करून पत्रा घासला, पांढरा दिसेपर्यंत. लग दोन्ही बाजूंनी घासला. मधे दातेरी वॉशर घातला, म्हणजे दाते पत्र्यात रुततील. बोल्ट आवळला आणि वरून ग्रीसचं बोट फिरवलं, पाणी शिरू नये म्हणून. ग्रीस वर लावायचं, आधी आत भरायचं नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं पण बरोबर केलं. सांध्यांना तेल दिलं. दिवे लावले. दोन्ही झाकणं एका वेळी वर आली.

खर्च एका पॉलिश पेपरचा आणि एका वॉशरचा. श्रेयाची वाटणी मात्र लांबली. खडकीत निदान दुरुस्तीनंतर होतं, पण झालं की ते सगळ्यांनीच आधी केलेलं असतं. "मी निगेटिव्ह काढा म्हणालो होतो की नाही?" कारखान्यातले आजोबा म्हणाले. "बिघाड निगेटिव्हलाच निघाला." बॅटरीवाल्यांचं म्हणणं, निगेटिव्ह हा बॅटरीचाच भाग. सुभेदारसाहेबांच्या मते त्यांच्या पान्याशिवाय ऑपरेशन झालंच नसतं. पोराने डायरेक्ट केलं होतं तेव्हा मोटर जोरात फिरली होती, म्हणजे मोटर चांगली आहे हे त्यानेच सिद्ध केलं होतं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हीच अडचण. फक्त उंदीरवाल्यांना काही मिळेना. त्यांनी गॅलरीतून बोल्टकडे संशयाने बघितलं आणि "दात दिसतायत त्यावर," म्हणाले. वॉशरचे होते.

काका समाधानाने हत्यारं आवरू लागले. उजव्या बाजूलाही असाच बोल्ट आहे, तोही तितकाच जुना, हे सगळ्यांना माहीत होतं. पण चालू असलेल्या वस्तूला हात लावायचा नाही यावर पाचही वैद्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. काकूंचं झालं नाही. "पॉलिश पेपर अर्धा उरलाय," त्या म्हणाल्या. "टाकून द्यायचा का?"

उजवा बोल्ट त्याच संध्याकाळी घासून झाला. पुढच्या पावसाळ्याचा रोग असा परस्पर बरा केल्याबद्दल गल्लीत थोडी नाराजी आहे. सुभेदारसाहेबांनी मात्र धीर सोडलेला नाही. टप मागच्या काचेपाशी गळतो असा त्यांचा दाट संशय आहे, आणि त्याची अख्खी असेंब्ली बदलावी लागेल असं ते आत्तापासून सांगत फिरतात.